रविवारी टाकी धुतली की मंगळवारी मासा मरतो

"दादा, परत दोन गेले." मावसबहिणीचा हा फोन गेल्या पावसाळ्यात इतक्यांदा आला की पुढे पुढे मी फक्त "कुठले?" एवढंच विचारायचो.

दोन फुटी टाकी, टीव्हीच्या शेजारी. चार महिन्यांत चौदा मासे गेले. दुकानदाराचा उपाय दर वेळी तोच: निळ्या औषधाची बाटली, "पाणी पूर्ण बदला" हा सल्ला, आणि गेलेल्यांच्या जागी दोन नवे मासे. मेहुणे शिस्तीचे. दर रविवारी नाश्ता झाला की मासे बादलीत, टाकी बाथरूममध्ये. खडी तांदूळ धुवावेत तशी चार पाण्यांतून काढायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळायचा, काच पुसायची, नळाचं ताजं पाणी भरायचं, मासे परत आत. पाणी इतकं नितळ की पुढे काच आहे हे विसरायला व्हावं. आणि मंगळवारी सकाळी एखादा मासा तरंगताना दिसायचा.

हीच तक्रार मी बऱ्याच घरांतून ऐकली आहे. "आम्ही एवढी स्वच्छता ठेवतो तरी मरतात" असं लोक म्हणतात. त्यातला "तरी" चुकीचा आहे.

मासा कधी मेला?

काय झालं हे पाण्याकडे बघून कळत नाही. विषारी पाणीही नितळ दिसतं आणि हिरवट पाण्यात मासे मजेत असतात. म्हणून मी पहिला प्रश्न वेळेचा विचारतो.

पाणी बदलल्यावर तासाभरात मासे सैरावैरा पळायला लागले, काचेवर आपटले, वर येऊन हापापल्यासारखं तोंड उघडायला लागले, तर बहुधा क्लोरीन, नाहीतर तापमानातला किंवा पीएचमधला (पाणी किती आम्ल, किती अल्कली याच्या मापातला) झटका. दोन-तीन दिवसांनी एकेक जायला लागला, कल्ले लालभडक झाले, मासा तळाशी पंख मिटून बसला, तर अमोनिया. कल्ले तपकिरी पडले तर नायट्राइट. सगळे एकदम पहाटे पृष्ठभागाशी आले असतील तर ऑक्सिजन कमी पडलाय. उन्हाळ्यात किंवा रात्री वीज गेली होती तेव्हा हे होतं. अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके असतील तर तो व्हाइट स्पॉट, त्याचं वेगळं बघू. शेपट्या कुरतडलेल्या असतील तर शेजारी मारकुटा आहे. आणि मासा मेलेला सापडतच नाही, नुसता मोजणीत कमी भरतो, तेव्हा टाकीतल्या सगळ्यात मोठ्या तोंडाकडे बघा.

बहिणीकडे रविवार ते मंगळवार हे अंतर घड्याळ लावल्यासारखं होतं. मी थेंबांचं अमोनिया तपासायचं किट घेऊन गेलो. रविवारी संध्याकाळी वाचन शून्य. सोमवारी रात्री अर्धा मिलिग्रॅम प्रतिलिटर. मंगळवारी एक. पाण्याचा पीएच ७.८. आता मासा का मेला हे विचारायची गरजच नव्हती.

टाकीलाही विरजण लागतं

मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात. विष्ठा आणि न खाल्लेला दाणाही कुजून अमोनियाच देतो. निसर्गात नदी तो वाहून नेते. टाकीत ते काम जिवाणू करतात. एक गट अमोनियाचा नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचा नायट्रेट. पहिली दोन्ही विषं, तिसरं बरंच सौम्य. ते साठत जातं आणि आपण थोडं थोडं पाणी बदलून बाहेर काढतो.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते चिकटून राहतात: स्पंजवर, खडीवर, पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरात. मेहुणे दर रविवारी जो "मळ" काढत होते, त्यात टाकीचं हे विरजणही जात होतं. वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. पिण्याच्या पाण्यात जिवाणू राहू नयेत म्हणूनच ते घातलेलं असतं. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मोकळं क्लोरीन उरलेलं असावं लागतं. ते आपल्या चांगल्या जिवाणूंना ओळख दाखवून सोडून देत नाही. मग ते दुकानातलं निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्ल्यू. बुरशीवर चालतं, पण टाकीतच ओतलं तर उरलेसुरले जिवाणूही मारतं. औषध द्यायचंच तर मासा वेगळ्या बादलीत काढून द्या.

विरजण शून्यातून तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. दर सातव्या दिवशी ते धुऊन टाकलं तर टाकी कायम पहिल्या आठवड्यातच राहते. बहिणीची टाकी चार महिने जुनी होती आणि तरीही आठवडाभराचीच होती.

उलटं कारण, तोच परिणाम

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मात्र आठ महिने टाकीला हात लावला नव्हता. पातळी खाली गेली की वरून तांब्याभर पाणी, बस्स. मासे ठणठणीत. एका रविवारी बायको म्हणाली, पाहुणे येणार आहेत, साफ करा. त्याने अर्धं पाणी बदललं आणि संध्याकाळपर्यंत सहा मासे गेले. "बघ, पाणी बदललं की मरतात," असा त्याने निष्कर्ष काढला, आणि तो अजून तेच सगळ्यांना सांगतो.

झालं होतं ते असं. पाण्याची वाफ होते, पण त्यातलं काहीच उडून जात नाही. वरून नुसती भर घालत राहिलं की घाण साठत जाते, आणि जिवाणूंच्या कामातून तयार होणारं आम्ल पाण्यातला क्षार हळूहळू खाऊन टाकतं. पीएच उतरत जातो. त्याच्या टाकीत तो ६.२ वर आला होता. एवढ्या आम्ल पाण्यात जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठतो, पण तो बहुतांश अमोनियमच्या रूपात असतो, आणि अमोनियम माशाला फारसं बाधत नाही. मासे रोज थोडं थोडं त्याला सरावतात. मग येतं नळाचं ७.८ चं पाणी. पीएच एका अंकाने चढला की अमोनियातला विषारी भाग साधारण दहापट होतो. अर्धी घाण बाहेर गेली खरी, पण उरलेली अर्धी एका तासात विष झाली.

म्हणून बरेच महिने न हलवलेली टाकी हाताशी आली तर धाडस करू नका. रोज दहा टक्के, दोन आठवडे. दोन फुटी टाकीत दहा टक्के म्हणजे पाच लिटर, अर्धी बादलीसुद्धा नाही. पीएच आधी टाकीचा मोजा, मग नळाचा. फरक एकापेक्षा जास्त असेल तर घाई अजिबात नको.

आज मासे मरतायत तर आज काय करायचं

नवे मासे आणू नका. हे सगळ्यात अवघड जातं, कारण टाकी ओकीबोकी दिसते आणि मुलं रडतात.

खाणं दोन-तीन दिवस बंद. निरोगी मोठा मासा एवढ्याने उपाशी मरत नाही, आणि जे टाकीत पडतच नाही ते अमोनियाही होत नाही. हवेचा पंप असेल तर चोवीस तास चालू. रोज पाव भाग पाणी बदला. क्लोरीन काढलेलं आणि टाकीतल्याइतकंच कोमट किंवा गार. हाताला सारखं लागलं तरी थर्मामीटर लावून बघा, तो पन्नास-शंभर रुपयांत मिळतो. स्पंजला हात लावू नका. फारच तुंबला असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोनदा हलका पिळा. तो तपकिरी राहिला पाहिजे. फिल्टरच्या कार्ट्रिजच्या खोक्यावर "दर महिन्याला बदला" असं छापलेलं असतं. ते कार्ट्रिज विकणाऱ्याच्या सोयीचं आहे. बदलायचंच तर निम्मं बदला.

नायट्राइटचा संशय असेल तर लिटरमागे एक ग्रॅम जाडं मीठ विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. गप्पी, मॉलीला ते सहज सोसतं. कोरिडोरास आणि निऑन असतील तर निम्म्यापासून सुरुवात करा.

क्लोरीनसाठी दुकानात अँटिक्लोरीन नावाची बाटली मिळते, आत सोडियम थायोसल्फेट असतं, थेंबांचं प्रमाण वर लिहिलेलं असतं. ती नसेल तर पाणी रुंद तोंडाच्या पिंपात २४ तास उघडं ठेवा, जमलं तर त्यात हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे काढणारा) सोडा. पावसाळ्यात मात्र यावर विसंबू नका. पाणी गढूळ येतं तेव्हा शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन वाढवलं जातं. बहिणीचा मृत्युदर पावसाळ्यात चढला त्यात याचाही वाटा असणार. आणि सोसायटीच्या फलकावर "पाण्याची टाकी साफ केली आहे" अशी सूचना लागली की दोन-तीन दिवस माशांचं पाणी बदलायचं नाही. ब्लिचिंग पावडरचा तो पहिला हप्ता माशांना देण्याचं कारण नाही. टँकरचं पाणीही आधी तपासा.

"मग आरओचं घालू का?" हे हमखास विचारलं जातं. नुसतं आरओचं नको. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच धरून ठेवायला काही उरत नाही आणि तो अचानक कोसळतो. बोअरचं पाणी फारच जड, म्हणजे क्षारांनी भरलेलं, असेल तर मिसळायला आरओ चालेल.

बहिणीच्या बाबतीत मी आणखी एक केलं. माझ्या टाकीतला दीड वर्षांचा स्पंज तिथल्याच पाण्यात बुडवून डब्यातून नेला आणि तिच्या फिल्टरशेजारी ठेवला. अक्षरशः विरजण. ओळखीत कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर हा सगळ्यात जलद मार्ग. ज्या टाकीत आजार आहे तिथला स्पंज मात्र आणू नका. दहाव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले.

आणि तरीही मासे कमी होत होते

मरणं थांबलं, पण निऑन टेट्रा सहाचे चार झाले, चारचे दोन. प्रेतं नाहीत.

तिच्या टाकीतली मंडळी ऐका: दोन गोल्डफिश, चार गप्पी, दोन एंजल, सहा निऑन, एक सकर. दुकानात बोट दाखवून घेतलेले, रंग बघून. लग्नाच्या पंगतीसारखं प्रत्येकातलं थोडं थोडं.

एंजल लहान असताना नाण्याएवढा असतो आणि निऑनच्या शेजारी शोभून दिसतो. पूर्ण वाढीचा एंजल शेपटीपर्यंत १५ सेंटीमीटरचा होतो, आणि निऑन त्याच्या तोंडात बरोबर मावतो. त्याला एंजल म्हणतात म्हणून तो फक्त दाणे खाईल अशी अपेक्षा ठेवणं चूक.

गोल्डफिश थंड पाण्याचा, १८ ते २२ अंशांत सुखी. निऑन आणि गप्पीला २४ ते २६ लागतात. आपल्याकडे पुण्यातसुद्धा उन्हाळ्यात टाकी ३० पार करते, विदर्भात तर त्याही वर, त्यामुळे गोल्डफिश इथे तसाही ओढाताणीत जगतो. शिवाय तो घाण खूप करतो आणि वाढतो. गोलमटोल जातीसुद्धा १५ ते २० सेंटीमीटर होतात. ढोबळ हिशेब असा की पहिल्या गोल्डफिशला ७५ लिटर, पुढच्या प्रत्येकाला ४०. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकीत काठोकाठ ५४ लिटर मावतं, खडी आणि वरची जागा सोडली की ४५ च्या आसपास. काचेच्या गोल भांड्याबद्दल तर मी बोलतच नाही.

वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा ठेवणारी घरं मला माहीत आहेत. श्रद्धेबद्दल माझं म्हणणं नाही, फक्त गणित सांगतो: नऊ गोल्डफिश म्हणजे जवळपास ४०० लिटर. आकडा वास्तुशास्त्रातून आला आणि टाकीची लांबी शोकेसच्या कप्प्यावरून ठरली की मधल्यामधे मासे जातात. फ्लॉवरहॉर्नही असाच भाग्यासाठी आणतात. तो एकटाच ठेवायचा, मोठ्या टाकीत. जोडीला दिलेला कुठलाही मासा त्याला पाहुणा वाटत नाही, हल्लेखोर वाटतो.

सकर "टाकी साफ ठेवतो" म्हणून विकला जातो. चार सेंटीमीटरचा असतो तोवर शेवाळ खातो. पुढे फूटभराहून मोठा होतो, खातो त्याहून जास्त घाण करतो, आणि रात्री गोल्डफिश किंवा एंजलसारख्या संथ, रुंद माशांच्या अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. मोठा झाला म्हणून लोक तो नदीत नाहीतर तलावात सोडतात. ते करू नका. देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत तो पसरलाय आणि कोळ्यांची जाळी फाडतोय. दुकानदाराला परत द्या, बरेचजण घेतात.

टायगर बार्ब दोन-तीनच ठेवले तर गप्पींच्या, एंजलच्या शेपट्यांचं लोणचं करतात. आठ-दहाचा कळप ठेवला तर बहुतेक वेळ आपसात भांडतात. फायटर नर एका टाकीत एकच, आणि त्याला गप्पीची लांब रंगीत शेपटी दुसऱ्या फायटरसारखी दिसते, म्हणून तीही जोडी नको. ऑस्कर, पॅरट वगैरे दोन फुटात नकोच.

आधी पाणी बघा, मग मासे

दुकानात जायच्या आधी घरचं पाणी मऊ की जड ते ठरवा. किट घ्या, किंवा घरातल्या बाईला विचारा: तूरडाळ पटकन शिजते का, साबणाला फेस येतो का, बादलीवर पांढरे डाग धरतात का. डोंगरात पाऊस साठवणाऱ्या धरणांचं पाणी, मुंबईच्या नळाचं उदाहरण घ्या, बहुधा मऊ. खडकातून उपसलेलं बोअरचं पाणी बहुधा जड.

जड पाण्यात गप्पी, प्लॅटी, मॉली. गप्पी तर इतका चिवट की महापालिका डासांच्या अळ्या खायला त्याला विहिरीत आणि टाक्यांत सोडतात. मऊ पाण्यात निऑन, पण सहा-आठच्या कळपाने, सोबत चार कोरिडोरास. आणि टाकी किमान तीन महिने जुनी झाल्यावर, कारण निऑनला नवी टाकी सोसत नाही. दोन्हीच्या मधल्या पाण्यात माझी पसंती आपल्याच उपखंडातल्या माशांना: आठ झेब्रा आणि एक हनी गुरामीची जोडी. झेब्रा १८ अंशांपासून २८ पर्यंत हसतमुख असतो, म्हणजे पुण्याच्या जानेवारीतही हीटरवाचून बरेचदा निभतं. मिस केरळ नावाचा लाल पट्ट्याचा देखणा मासाही दुकानात दिसेल. तो पश्चिम घाटातला, १५ सेंटीमीटरपर्यंत वाढणारा, वेगाने पोहणारा कळपातला मासा आहे, आणि निसर्गात धोक्यात आलेला. दोन फुटात तो कोंडू नये.

एका आठवड्यात तीन-चारच मासे वाढवा, म्हणजे जिवाणूंना वाढायला वेळ मिळतो. पिशवी २० मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी पिशवीत, आणि शेवटी मासा जाळीने उचलून आत. पिशवीतलं पाणी मोरीत.

व्हाइट स्पॉट

दिवाळीनंतर रात्री गार व्हायला लागल्या की हा येतो, विशेषतः नव्या माशाबरोबर. परजीवी त्वचेखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो गळून पाण्यात पोहायला लागतो तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणाऱ्यांना तो आठवड्याने परत भेटतो. हीटर लावून तापमान दोन दिवसांत हळूहळू ३० अंशांवर न्या, हवा वाढवा, आणि शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवा. गोल्डफिश असेल तर तापमान एवढं चढवू नका, औषधावरच भर द्या. हीटर लिटरमागे एक वॅट या हिशेबाने. वीज जाण्याच्या भागात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवा. फिल्टर काही तास बंद पडला की स्पंजमधल्या जिवाणूंचाही श्वास कोंडतो.

बहिणीने गोल्डफिश, एंजल आणि सकर परत दिले. उरलेले दोन निऑन माझ्या कळपात आले. तिच्याकडे आता सात नर गप्पी आहेत. मेहुण्यांचा रविवार रिकामा जाऊ नये म्हणून त्यांना दोन कामं नेमून दिली: नळीने एक बादली पाणी काढून तेवढंच भरायचं, आणि पुढच्या काचेवरचं शेवाळ मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने खरवडायचं. मागची काच हिरवी राहू द्यायची. स्पंजकडे बघून त्यांचे हात अजून शिवशिवतात.

गेल्या आठवड्यात परत फोन. या वेळी गेलं कुणी नव्हतं, वाढले होते. दुकानदाराने दिलेल्या सात नरांपैकी एक मादी निघाली. ती दुकानातून येतानाच गाभण असेल; आणि गप्पीची मादी नराचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते, त्यामुळे तिला आज वेगळं केलं तरी पुढच्या महिन्यात पिल्लं होणारच. "दादा, मोजता येत नाहीयेत," ती म्हणाली. मी तिला सांगितलं, पिल्लांसाठी वेगळी टाकी घेऊ नकोस. हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीची एक जुडी टाक, जी लपतील ती जगतील, आणि त्या मादीला आज संध्याकाळीच दुकानात परत कर.